भोगीपर्यंत ग्रिल : परसातल्या कामाच्या नोंदी

३० नोव्हेंबर २०२५, रविवार

गेल्या बुधवारी चंपाषष्ठी झाली आणि घरात वांगी सुटली. नाना (सासरे, वय ७९) चातुर्मास पाळतात, त्यामुळे चार महिने कांदा-लसूण-वांगं बंद. एवढी वाट पाहून पानात भरीत पडलं, नानांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "गॅसवर भाजलंस वाटतं." पान स्वच्छ केलं, पण दुसऱ्यांदा वाढ म्हणाले नाहीत. नाना भरीत दुसऱ्यांदा मागत नाहीत, ही आमच्या घरात बातमी आहे.

म्हणून हे काम. परसात कोळशाचं ग्रिल उभं करायचं. मुदत १३ जानेवारी, भोगी. त्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी आणि कोळशावरचं भरीत. आठ मोठी वांगी एका वेळी बसली पाहिजेत. खर्च ३,००० रुपयांच्या आत. पेटवायला रॉकेल नाही, पेट्रोल नाही. तयार ग्रिल का घेत नाहीस, असं नवऱ्याने विचारलं. दोन दुकानांत बघून आले होते: पत्रा बिस्किटाच्या डब्याइतका आणि पाय नव्या वासराचे. चिकनचा विषयही त्यानेच काढला. तो आईंनी मिटवला : मार्गशीर्ष आहे.

जागा ठरवली. पुण्याच्या सहकारनगरातलं आमचं घर बैठं, मागे परस, एक आंबा, एक धुण्याचा दगड. आंब्याखाली मांडायचा मोह होतो, पण वर वाळकी पानं आणि खाली पाचोळा. फांद्यांच्या घेरापासून आणि कंपाउंडच्या भिंतीपासून दहा-दहा फूट मोजून विटांनी खूण केली. तळाला फरशी नाही, माती आहे, ते बरंच. तापलेली फरशी तडकते.

२ डिसेंबर, मंगळवार

ऑफिसमधून येताना बोहरी आळी. एक रुंद, चकचकीत पत्र्याचं टब मिळालं, ४८० रुपये. खोली बरोबर, घेर बरोबर, कान मजबूत. तळाला भोकं पाडली की झालं. एका फेरीत काम झालं म्हणून स्वतःवरच खूश.

४ डिसेंबर, गुरुवार

वेल्डरने टब हातात घेतलं, उलटं केलं आणि परत माझ्या हातात दिलं. "ताई, ह्याच्यात विस्तव नका करू. जस्त आहे वरून." गॅल्वनाइज केलेल्या पत्र्यावर काम करायचं तर तो आधी जस्त घासून काढतो. नाही काढलं तर रात्री थंडी वाजून ताप भरतो, असं त्याच्या ओळखीतल्या प्रत्येकाला झालेलं आहे. त्यावर दूध प्यायचं, असा त्यांच्यातला उपाय. दुधाने काही होतं का माहीत नाही, पण ताप खरा असतो : जस्ताची वाफ हवेत पांढऱ्या भुकटीसारखी होते आणि ती छातीत जाते.

घरी येऊन आकडे बघितले. जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि ९०७ अंशांना उकळतं. वारा मिळालेला कोळसा १,००० अंशांच्या आसपास सहज जातो. म्हणजे टब बाद. दुकानदाराने परत घेतलं नाही. त्यात आता आंब्याचा पाचोळा साठतो.

७ डिसेंबर, रविवार

सकाळी जुना बाजार, तो बुधवारी आणि रविवारी भरतो. रविवारी गर्दी फार, पण बुधवारी सुट्टी कोण देणार. हलवायाच्या भट्टीवरून उतरलेली लोखंडी कढई मिळाली. तोंड २१ इंच, खोली ६, वजन मला एकटीला उचलवत नाही एवढं. ९०० सांगितले, ६५० ला तुटलं. जस्त नाही, रंग नाही, फक्त गंज आणि पंधरा-वीस वर्षांचं तेल.

वेल्डरला दिलेलं काम : तळाला १२ मिमीची नऊ भोकं. बाजूला खालच्या अंगाला २५ मिमीची चार भोकं आणि प्रत्येकावर एका बोल्टवर फिरणारी चकती, म्हणजे हवा कमी-जास्त करता येईल. आत तळापासून दीड इंच वर कोळशाची जाळी, ८ मिमी सळईची, दोन सळयांत बोटभर फट. वर अन्नाची जाळी ६ मिमी स्टेनलेसची. कोळशापासून अन्नापर्यंत साडेचार इंच. खाली तिपाई. मजुरी-मालासकट ९५०.

१० डिसेंबर, बुधवार

कोळसा. गल्लीतल्या इस्त्रीवाल्याला विचारलं, त्याने त्याच्याच वखारीतून दहा किलोचं पोतं आणून दिलं. बाभळीचा आहे म्हणाला. निवडायची रीतही त्यानेच दाखवली : दोन तुकडे एकमेकांवर आपटायचे. पुरता झालेला कोळसा काचेसारखा खणखण वाजतो, आतून लाकूड राहिलेला असला की बद्द आवाज येतो. बद्द वाजणारा धूर करणार. माझ्या पोत्यात दहात दोन बद्द निघाले, शिवाय तळाला दोन मुठी चुरा. चुरा चाळून बाजूला, कारण तो जाळीच्या फटी बुजवतो.

ब्रिकेटचाही विचार केला. ते भुशाचे किंवा भुकटीचे, खळीसारख्या पिठाने बांधून दाबलेले ठोकळे. अमेरिकेत ते घरोघर गेले त्यात मोटारीवाल्या हेन्री फोर्डचा हात आहे. मोटारीच्या लाकडी भागांतून उरलेल्या तुकड्यांचं काय करायचं, हा त्याचा प्रश्न होता. ब्रिकेट सावकाश आणि एकसारखे जळतात, राख जास्त करतात. पण एवढ्या फिरवाफिरवीनंतर घरापासून शंभर पावलांवर बाभळीचा कोळसा मिळत असताना कशाला.

१३ डिसेंबर, शनिवार. पहिली पेटवणी

नोंद करायला लाज वाटते, पण करते.

६.१० : कढईत दोन किलो कोळशाचा ढीग. मध्ये खळगा, त्यात कापराच्या वड्या.
६.१५ : कापूर भडकला, सुंदर ज्योत, पोरगी टाळ्या वाजवते.
६.१९ : कापूर संपला. एका तुकड्याची कड लाल.
६.२० ते ६.४५ : पुठ्ठ्याने वारा घालणे. राख केसांत. जिथे वारा घालते तिथे लाल, हात थांबला की काळं. आणखी कापूर.
६.५० : डबीतला कापूर संपला.
७.०५ : वरचे पाच-सहा तुकडे पेटलेले, खालचे सगळे थंड. पनीर ठेवलं. वरून काळं, आतून फ्रीजमधलं, आणि वास थेट गाभाऱ्याचा. नवरा म्हणाला, प्रसाद म्हणून खातो.

नाना पूर्ण वेळ मागच्या ओट्यावर बसून होते. काही बोलले नाहीत. उठताना म्हणाले, "बंबाला कधी वारा घातलेला ऐकलायस?"

१४ डिसेंबर, रविवार

माळ्यावरून पाणी तापवायचा बंब खाली काढला. तांब्याचा, काळा-हिरवा पडलेला, तोटी गायब. नानांचं लहानपण कसब्यातल्या वाड्यातलं, आणि पहाटे बंब पेटवणं त्यांच्याकडे. वखारीतून बंबफोड लाकूड यायचं, पण पेटवायला करवंट्या, शेंगांची टरफलं, काहीही. वरून जळण टाकायचं, खाली एक चिंधी पेटवायची आणि निघून जायचं. परत येईपर्यंत पाणी कढत.

बंब उघडून मापं घेतली. मधोमध उभी नळी, भोवती पाणी. नळीच्या तळाशी जाळी, जाळीखाली राख पडायला आणि हवा आत यायला मोकळी जागा. बस. नळीतली हवा तापते, हलकी होते, वर जाते. तिची जागा घ्यायला खालून गार हवा ओढली जाते आणि ती जळणातूनच जाते. ३०० अंशांची हवा आपल्या अंगणातल्या हवेच्या जवळजवळ निम्म्या वजनाची असते, त्यामुळे ओढ जबरदस्त. जितकी आग, तितकी ओढ. जितकी ओढ, तितकी आग.

मी गेली अकरा वर्षं पोटासाठी एअर कंडिशनिंगच्या डक्टचे नकाशे काढते. उभ्या नळीत हवा कशी चढते हे मला ७९ वर्षांच्या माणसाने तांब्याच्या भांड्यावरून शिकवावं! काल मी वरून पेटवत होते आणि ढीग पसरट होता. उष्णता वर निघून जात होती, खालचा कोळसा तापणार कशाने?

बाजारात ह्या नळीला चिमनी स्टार्टर म्हणतात. मी बंब म्हणणार.

२० डिसेंबर, शनिवार. दुसरी पेटवणी

गोडेतेलाचा १५ किलोचा रिकामा डबा. वरचं झाकण पूर्ण कापलं, तळ ठेवला आणि त्याला खिळ्याने तीसेक भोकं. तळापासून तीन इंचांवर सळया आरपार घालून जाळी. जाळीखाली चारी बाजूंनी अंगठाभर भोकं. कापलेल्या कडा पक्कडीने आत दुमडल्या, तरी डाव्या हाताला चिरा गेलाच. हातमोजे घालून कापायला हवं होतं. बाहेरचा छापील रंग जळून जावा म्हणून आधी वर्तमानपत्रं घालून रिकामाच पेटवला. त्या धुरात कुणी उभं राहू नये.

पेटवण काय घ्यायची हा प्रश्न आईंनी सोडवला. देवळात काकड आरतीला काकडा करतात तसा : जुन्या सुती धोतराची पट्टी, पीळ घालून अंगठ्याएवढी जाड केलेली, तळणीच्या उरलेल्या तेलात भिजवून निथळलेली. कागद अर्ध्या मिनिटात संपतो आणि त्याची काळी पाखरं सगळीकडे उडतात. काकडा आठ-नऊ मिनिटं एका जागी जळतो, आणि सुरुवातीला कोळशाला नेमकं तेवढंच हवं असतं.

५.०० : डबा कढईत दोन विटांच्या तुकड्यांवर, म्हणजे खालून हवा मोकळी. दीड किलो कोळसा, मोठे तुकडे खाली, लहान वर. दोन काकडे जाळीखाली पेटवले.
५.०३ : पांढरा, दाट धूर. हाच तो डोळ्यांत जाणारा.
५.०८ : काकडे विझत आले. भोकांतून आत लाल दिसतं. डबा बारीक घूं करतोय. हात लावला नाही. वारा घातला नाही. खुर्चीत बसले.
५.१४ : धूर पातळ झाला, मग दिसेनासा.
५.१९ : वरून निळसर ज्वाळा. वरच्या तुकड्यांच्या कडांवर राखाडी साय धरली.
५.२२ : दोन सांडशींनी डबा कलता करून कोळसा कढईत. सगळा पेटलेला.

बावीस मिनिटं, आणि त्यातली वीस मी बसून होते. नाना म्हणाले, "हं."

२१ डिसेंबर, रविवार

डब्याचा एक कोपरा आत वळला. पातळ पत्रा, चार-पाच वेळा पेटवला की संपणार. वेल्डरला १.६ मिमी काळ्या पत्र्याची नळी सांगितली : व्यास ७ इंच, उंची १२, लाकडी मूठ आणि मुठीच्या आत उष्णता अडवणारी पट्टी. ५५० रुपये.

२७ डिसेंबर, शनिवार

आज दोन गोष्टी बिघडल्या.

पहिली : कोळसा तडतडायला लागला. ठिणग्या चार-पाच फुटांवर. ओढणीला दोन भोकं. पोतं धुण्याच्या दगडाशेजारी ठेवलं होतं, खालून पाणी प्यायलं. कोळसा सगळा छिद्रांनी भरलेला असतो, ओल शोषून घेतो, आणि आतलं पाणी एकदम वाफ झालं की तुकडा फुटतो. ओला कोळसा गच्चीवर दोन दिवस उन्हात. पोतं आता घरात, झाकणाच्या पिंपात. परसात सुती कपडे, केस बांधून, ओढणी नाही.

दुसरी : सात वाजता पेटवलं. वारा अजिबात नव्हता, आणि धूर वर जायचं सोडून कंपाउंडच्या उंचीवर तरंगत शेजारच्या काकूंच्या खिडकीत गेला. काकूंना दमा आहे. त्या चांगल्या शब्दांत बोलल्या, त्यामुळे जास्त लागलं. पुण्यात थंडीच्या दिवसांत सूर्य मावळला की जमिनीलगतची हवा गार होते आणि वरची उबदार राहते. धुराला वरून झाकण बसल्यासारखं होतं. यापुढे पेटवणी चारच्या आसपास, ऊन असताना. आणि पहिल्या दहा मिनिटांच्या धुराआधी काकूंना फोन.

४ जानेवारी २०२६, रविवार

नव्या नळीने अठरा मिनिटं. आता आगीचं गणित.

कोळसा सगळीकडे सारखा पसरायचा नाही. कढईच्या एका बाजूला दोन थर, दुसरी बाजू जवळजवळ मोकळी. कडक बाजूला साल भाजायची, मोकळ्या बाजूला सरकवून आतपर्यंत शिजवायचं. काही भडकलं तर पदार्थाला पळायला जागा असते. खालच्या चकत्या पूर्ण उघड्या म्हणजे रागीट आग. दोन बंद केल्या की पाच मिनिटांत निवळते. पहिल्यांदा मी घाईने चारही बंद केल्या आणि आगीचा जीव गेला.

ताव बघायला तळहात. जाळीच्या पाच इंच वर धरायचा आणि मोजायचं. दोन आकड्यांत हात ओढावा लागला तर कडक, चार-पाचला मध्यम, सात-आठला मंद. घड्याळाचे सेकंद आणि माझे घाबरलेले सेकंद वेगळे, म्हणून "एक विठ्ठल, दोन विठ्ठल" असं म्हणायचं. वांग्याला तीन विठ्ठल लागतात. रताळ्याला सहा, आणि ते राखेत पुरलं तर जाळीपेक्षाही चांगलं.

मंडईतून जळगावकडची पोपटी भरताची वांगी आणली. बी कमी, गर जास्त. तेलाचा हात, चार ठिकाणी सुरीचं टोक (नाहीतर आत वाफ कोंडून फुटतं, मागच्या आठवड्यात एक फुटलं), देठ तसाच, म्हणजे फिरवायला मूठ. २४ मिनिटं. साल पापडासारखी सुटली, गर लोण्यासारखा. गॅसवर साल जळते आणि आतला गर अर्धा कच्चा राहतो. शिवाय गॅस जळताना पाण्याची वाफ होते. कोळशाची धग कोरडी असते.

मला वाटलं, झालं. नानांनी घास घेतला. "छान भाजलंय. पण धूर कुठाय?"

पाच आठवडे मी धुराशी भांडले! बद्द आवाजाचे तुकडे वेचून फेकले, निळी ज्वाळा येईपर्यंत थांबले, शेजारी फोन केले. आणि ह्यांना धूर हवाय. पण ते बरोबर आहेत. कोळसा करताना लाकडातलं वास देणारं जवळजवळ सगळं आधीच उडून गेलेलं असतं. उरतो तो कार्बन, आणि त्याला स्वतःची चव जवळपास नाही. वाड्यातलं वांगं बंबाच्या आणि चुलीच्या लाकडी निखाऱ्यांत भाजायचे. मंडईतल्या वांगीवाल्या मावशीही परवा म्हणाल्या होत्या की त्यांच्या खानदेशात कपाशीच्या काड्यांवर भाजतात. मी ऐकलं आणि पिशवी उचलली.

त्याच रात्री : गल्लीच्या टोकाला जुना बंगला पाडून इमारत उठतेय. तिथले राखणदार काका उरलेले निखारे घमेल्यात मागायला आले, खोलीत ठेवतो म्हणाले, थंडी फार आहे. नाही म्हणताना जिवावर आलं. "काका, दारात बसून शेका, पण खोलीत नेऊन दार लावून झोपू नका." धूर नसलेल्या निखाऱ्यातूनच कार्बन मोनॉक्साइड जास्त निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्त त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून घट्ट धरतं. माणूस झोपेतच जातो. मी दिलं नाही तर ते दुसरीकडून घेतील हे कळत होतं. शेवटी निखारे इथेच विझवले आणि माळ्यावरची जाड रजई दिली.

१० जानेवारी, शनिवार

रंगीत तालीम, चार वांगी. मागच्या पावसाळ्याआधी आंबा छाटला होता, त्याच्या वाळलेल्या फांद्यांच्या बोटभर ढलप्या केल्या. पहिल्या वेळी सहा टाकल्या, पांढरा लोट आला, भरीत कडू. दुसऱ्या वेळी दोनच, कोळसा पूर्ण पेटल्यावर, निखाऱ्यांच्या कडेला. वरून परात झाकली, चकत्या अर्ध्या. धूर निळसर, पातळ, सात-आठ मिनिटं. बोट लावून चाखलं आणि पुढच्या वेळी बदलायचं काही सुचलं नाही.

राखेची चूक : गुरुवारी रात्री चहा झाल्यावर उरलेली राख गार दिसली म्हणून शुक्रवारी सकाळी प्लॅस्टिकच्या बादलीत ओतली. दुपारी बादलीला बूड नव्हतं. राखेच्या पोटात निखारा रात्रभर जिवंत राहतो. आता राख दोन दिवस कढईतच, चकत्या बंद, वर परात. मग पत्र्याच्या डब्यात. आईंना भांड्यांना हवी आहे. कढीपत्त्याला मात्र नको, राख खारी असते आणि त्याची पानं आधीच पिवळी आहेत.

१३ जानेवारी, मंगळवार. भोगी

अर्धी रजा. सकाळी गारठा, गवतावर दव. नळी पेटवणीआधी उन्हात ठेवली.

९.४० काकडे. ९.४२ काकूंना फोन, त्या म्हणाल्या खिडकी लावलीय, एक वाटी पाठव. १०.०१ कोळसा कढईत. १०.०५ तीन विठ्ठल. आठ वांगी, देठ सगळे एकाच दिशेला. १०.१५ आंब्याच्या दोन ढलप्या, परात. १०.३२ उतरवली आणि पातेल्यात झाकून ठेवली, म्हणजे वाफेने साल आपोआप सुटते. कांदा आणि हिरवी मिरची त्याच जाळीवर. फोडणी आईंची, त्यात मी पडले नाही. १०.५० चकत्या बंद, परात वर. दुपारी उघडून बघितलं तर ७०० ग्रॅम कोळसा शाबूत, पुढच्या वेळी नव्यात मिसळता येईल. आधी जळलेला कोळसा लवकर धरतो.

नाना जेवताना भोगीच्या भाजीत गाजर कमी आहे याबद्दल बोलले. भरिताबद्दल काही नाही.

संध्याकाळी भाकरीबरोबर म्हणून भरीत डब्यात काढून ओट्यावर ठेवलं होतं. पाच वाजता डबा घासून पालथा घातलेला. आई हळदीकुंकवाच्या तयारीला तुळशीबागेत, पोरगी शाळेत, नवरा ऑफिसात. नाना परसात तांब्याचा बंब चिंचेने घासत बसले होते.

एकूण खर्च : कढई ६५०, वेल्डर ९५० आणि ५५०, कोळसा ५००, वाया गेलेलं टब ४८०. म्हणजे ३,१३०, हद्दीच्या १३० वर. कापूर धरला नाही. स्टेनलेस जाळीचा उजवा सांधा उचललाय, शनिवारी वेल्डरकडे. बंबाला तोटी मिळते का तेही विचारायचं.